फिशटँकचा पंप आणि आत्याचा तंबोरा

रात्रीचे साडेअकरा. अंधेरीतलं माझं भाड्याचं वन रूम किचन. लादीवर चादर पसरून त्यावर आडवा ठेवलेला तंबोरा, त्याच्या घोडीजवळ रबरबँडने बांधलेला फिशटँकचा छोटासा हवेचा पंप आणि खोलीभर एकच आवाज... गुंईऽऽऽ! तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू.

‘‘अगं, तुझा मिक्सर चालू राहिलाय का?’’

आता काय सांगणार कप्पाळ? ‘‘नाही काकू, तंबोरा जरा मोकळा करतेय,’’ असं म्हटलं असतं तर त्यांनी थेट माझ्या आईलाच फोन लावला असता!

तर झालं असं. माझी आत्या मुलुंडला राहते. कित्येक वर्षं तिने बिल्डिंगमधल्या मुलींना गाणं शिकवलं. मग खांदा दुखायला लागला, मुली बारावीला गेल्या, क्लास बंद पडला. तंबोरा गवसणीत घालून कपाटामागे उभा राहिला, तो सहा वर्षं तिथेच. आत्या अधूनमधून गुणगुणायची, पण मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर. नंतर तेही थांबलं.

आणि मग बिल्डिंग गेली रीडेव्हलपमेंटला. महिनाअखेरीस घर रिकामं करायचं होतं आणि भाड्याचं घर होतं पहिल्यापेक्षा लहान. तंबोरा ठेवणार कुठे? त्यातच ओळखीतल्या एका कॅफेवाल्याने विचारलं, ‘‘आमच्या भिंतीवर मस्त दिसेल. लोक सेल्फी काढतील.’’ आत्या म्हणाली, ‘‘मुकाच झालाय तो. शोभेला गेला तर काय बिघडलं?’’

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, ‘‘महिनाभर माझ्याकडे दे. वाजता करून दाखवते.’’ आता हे बोलून तर बसले, पण कसा वाजता करणार, याचा मला पत्ताच नव्हता.

बर्न-इनचा फंडा

मदतीला धावला बोरिवलीचा एक मित्र. दिवसा आयटीत, रात्री गिटार. तो म्हणाला, ‘‘सिंपल आहे. बर्न-इन कर!’’

हा फंडा गिटार आणि व्हायोलिनवाल्यांमध्ये चांगलाच मुरलेला आहे. नवीन किंवा बरेच दिवस पडून राहिलेलं वाद्य आखडलेलं असतं, ते वाजवून वाजवून खुलतं, असं वादक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. मग रोज तासन्‌तास वाजवायला वेळ नसेल तर? ते काम यंत्राकडून करून घ्यायचं! तारांवर किंवा घोडीवर एक थरथरणारी डबी बसवायची आणि दिवसचे दिवस चालू ठेवायची. परदेशात यासाठी टोनराइट नावाचं खास यंत्र मिळतं. काही जण वाद्यासमोर स्पीकर लावून ठेवतात. आणि ज्यांचं बजेट माझ्यासारखं असतं, ते फिशटँकचा पंप बांधतात.

दहा रात्री मी पंप चालवला. सुरुवातीला तंबोऱ्याच्या तीन क्लिप्स रेकॉर्ड केल्या, शेवटी तीन. दोन्ही वेळा फोन त्याच जागी, सूर त्याच अ‍ॅपवरून लावलेला. अकराव्या दिवशी छेडला आणि काय सांगू, मला तर वाटलं, काय भन्नाट खुललाय!

पण मास कॉममध्ये एक गोष्ट डोक्यात भिनवलेली असते. स्वतःला आवडलेली बातमी आधी तपासा. मी सहाही क्लिप्स उलटसुलट करून पाच जणांना पाठवल्या. ‘पंपानंतरच्या तीन कोणत्या ते ओळखा.’ एकालाही तिन्ही ओळखता आल्या नाहीत. आमच्या गिटारवाल्याने छातीठोकपणे निवडलेली ‘बेस्ट’ क्लिप तर पंपाआधीची निघाली!

आत्याने सगळ्या क्लिप्स ऐकल्या. तिचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘‘सहाही वेळा जवारी बसलेलीच आहे, आणि जोडाच्या तारा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.’’

शास्त्र काय म्हणतं?

माझा पंप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. पण ज्यांनी हे नीट तपासलं, त्यांच्या हातीही फारसं वेगळं लागलेलं नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये एकाच मॉडेलच्या सहा गिटारींवर प्रयोग झाला. तीन गिटारींना टोनराइट लावून ३४८ तास थरथरवलं, तीन तशाच ठेवल्या. मग नऊ अनुभवी वादकांना त्या वाजवायला दिल्या आणि उपकरणांनीही मोजमाप केलं. दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही.

सिडनीतला प्रयोग तर त्याहून इंटरेस्टिंग आहे. एकाच कारागिराने बनवलेली जुळी व्हायोलिन्स. एक पॉवरहाऊस म्युझियममध्ये जपून ठेवलेलं, दुसरं एका व्यावसायिक वादकाच्या हातात सतत वाजणारं. तीन वर्षांनी न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जाणकारांकडून दोन्हींची तुलना करून घेतली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोघांत ठळक फरक नाही. म्हणजे यंत्र सोडाच, माणसाने वाजवूनही!

मग वादक काय खोटं बोलतात? तसंही नाही. लाकूड सतत थरथरत ठेवलं, तर त्याच्या ताठपणात आणि कंपनं जिरवण्याच्या गुणात थोडा बदल होतो, असं काही प्रयोगांत दिसलंय. ‘नेचर’मध्ये १९९६ साली आलेल्या एका अभ्यासात तर दमट हवेत असा बदल जाणवला होता. मुंबईकरांनो, ऐकताय ना? पण लाकडाच्या पट्टीवर यंत्राने मोजलेला फरक वेगळा आणि वाद्य ऐकताना कानाला कळणारा वेगळा. शिवाय वाद्य रोज हातात असलं की आपलाही हात बसतो, कान तयार होतो. खुलतं कोण, वाद्य की आपण, हे मग सांगणं कठीण!

खरी गोम घोडीत

आत्याचं ते एका ओळीचं उत्तर मात्र डोक्यातून जाईना. जवारी बसली म्हणजे नक्की काय?

गिटारची तार एका बारीक धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित उतरती असते. तार छेडली की ती या उतारावर घासटत थरथरते आणि तिची टेकण्याची जागा क्षणाक्षणाला पुढेमागे होते. त्यातून वरचे स्वर पुन्हा पुन्हा जागे होतात, म्हणून तो झंकार येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडली तिथल्या नियमाप्रमाणे जे स्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या कामासाठी, १९३० मध्ये. त्याच्या कितीतरी आधी ते तंबोऱ्याच्या घोडीत डोकं घालून बसले होते!

आता वर्षानुवर्षं तार एकाच जागी घासली की घोडीवर बारीक खाच पडते. उतार बिघडतो आणि झंकार जातो. यालाच म्हणतात जवारी बसणं. त्यावर पंप काय करणार? खाच कानशीनेच काढावी लागते. आणि ते काम कोणीही करू शकत नाही.

मिरजेची वारी

म्हणून एका शुक्रवारी तंबोऱ्याला गोधडीत गुंडाळलं, अंधेरीहून लोकलच्या लगेज डब्यात चढले आणि दादरला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. बर्थवर तंबोरा झोपला, मी त्याच्या पायाशी बसून राहिले. सकाळी मिरज!

तंतुवाद्यांसाठी मिरज म्हणजे माहेर. साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेब सतारमेकरांनी इथे वाद्यं घडवायला सुरुवात केली. मूळचं हे शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं घराणं. तंबोऱ्याचे भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

ज्या चाचांकडे मी गेले, त्यांनी तंबोरा हातात घेऊन एकदाच चारही तारा छेडल्या आणि विचारलं, ‘‘किती वर्षं कोणी ऐकला नाही याला?’’

वाजवला नाही, असं नाही म्हणाले. ऐकला नाही.

तारा गंजल्या होत्या. भोपळ्याच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. पंपाबद्दल सांगितल्यावर चाचा खो खो हसले, पण ‘‘नुकसान काही झालं नाही’’ म्हणाले. चीर भरली, तारा नव्या घातल्या आणि मग सुरू झालं जवारी काढणं. कानशीचे दोन हात, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. सगळं झाल्यावर तारेखाली सुती दोरा सरकवायचा. हा दोरा केसभर पुढेमागे झाला की आवाज एकदम उघडतो नाहीतर मिटतो. तीन तास मी नुसती बघत होते. त्या तीन तासांत चाचा काम कमी आणि ऐकणं जास्त करत होते.

रविवारी आत्याला बोलावलं. मुलुंडहून घाटकोपरला लोकलने आणि तिथून मेट्रोने अंधेरी. ती आली, चहा नको म्हणाली आणि लादीवर बसली. पंधरा मिनिटं खुंट्या आणि मणी हलवत राहिली. मग चारही तारांवरून बोटं फिरवली.

खोली भरून गेली, बॉस! दुसरा शब्द नाही.

आत्या काही बोलली नाही. डोळे मिटले, दुखरा खांदा जरा सावरला आणि सा लावला. आवाज आधी थरथरला, मग ठरला. सहा वर्षांत मी तिला असं गाताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बेल वाजली नाही. नंतर जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, ‘‘मिक्सर दुरुस्त झाला वाटतं!’’

कॅफेवाल्याला नकार कळवला. तंबोरा माझ्याकडेच आहे आणि आत्या दर रविवारी येते. पंप कुणाला हवा असेल तर सांगा. फिशटँक मात्र तुमचा तुम्ही आणा!

तुमच्या घरातही वाद्य असेल तर...

* यंत्रावर पैसे टाकण्याआधी तारा बदला. सर्वांत स्वस्त आणि लगेच कळणारा फरक तोच.
* पावसाळ्यात वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. गिटारच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.
* एसीचा थेट झोत आणि खिडकीतलं ऊन, दोन्ही टाळा.
* वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा.
* तंबोरा महिनोन्‌महिने वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करून ठेवा.
* जवारी घरी काढायचा प्रयत्न चुकूनही करू नका. यूट्यूब बघूनसुद्धा!