दोन शून्यांचा होकार

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्याच्या खटल्यात एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवले, तेव्हा या प्रकरणाची वृत्तपत्रांतून उजळणी झाली आणि ९४ कोटी ४२ लाख रुपयांचा आकडा पुन्हा मथळ्यांत झळकला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले, त्याच दिवशी भारतातील यंत्रांतून २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले, आणि १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँकसंदेशांच्या जाळ्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळवण्यात आले. भारतातील यंत्रांपैकी काही कोल्हापुरात होती. म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये ज्याचा संबंध थेट उत्तर कोरियाशी जोडला, त्या गुन्ह्याचे एक टोक घाटाच्या वर, सिंधुदुर्गाला लागून असलेल्या जिल्ह्यात होते. अशा बातमीत ‘हॅकिंग’ हा शब्द आला की कुणीतरी अवघड कुलूप फोडले असावे, असे वाचकाच्या मनात येते. परंतु या प्रकरणाचा तांत्रिक गाभा पाहिला तर बँकेचे कोणतेही सांकेतिक कुलूप फुटले नव्हते, आणि हे प्रकरण विज्ञानाच्या अंगाने अभ्यासण्याजोगे ठरते ते त्यामुळेच.

एटीएममध्ये कार्ड सरकवून पिन दाबल्यापासून नोटा बाहेर येईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्या अवधीत यंत्र स्वतः कोणताही निर्णय घेत नाही. मालवणच्या बाजारपेठेतील यंत्र असो वा टोरांटोतील, ते एक ठरावीक साच्याचा संदेश तयार करून पुढे धाडते. या साच्याला ‘आयएसओ ८५८३’ असे नाव असून हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. संदेशात क्रमांकित रकाने असतात: दुसऱ्या रकान्यात कार्डाचा क्रमांक, चौथ्यात रक्कम, बावन्नाव्यात सांकेतिक रूपात गुंडाळलेला पिन. उत्तर परत येते त्यातील एकोणचाळिसावा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण तेथे केवळ दोन अक्षरे असतात. ‘५१’ आले तर खात्यात पुरेशी शिल्लक नाही असा त्याचा अर्थ होतो आणि यंत्र दिलगिरीचा मजकूर दाखवते. ‘००’ आले तर व्यवहार मंजूर झाला असे मानून यंत्र नोटा मोजू लागते. हे उत्तर खरोखर कोठून आले, याची चौकशी करण्याचे काम यंत्राकडे नसते. आलेल्या दोन शून्यांवर विश्वास ठेवणे एवढेच त्याला शिकवलेले असते.

ही दोन अक्षरे ठरतात बँकेच्या ‘स्विच’मध्ये. स्विच म्हणजे एका बाजूला एटीएम आणि व्हिसा, रुपे यांसारखी कार्डजाळी व दुसऱ्या बाजूला बँकेची मूळ खातेवही सांभाळणारी संगणकप्रणाली, म्हणजेच ‘कोअर बँकिंग’, या दोहोंमध्ये उभी असलेली सर्व्हरवरील आज्ञावली. नेहमीच्या क्रमात स्विच पिन तपासून घेतो, खातेवहीला शिल्लक विचारतो, दिवसाची मर्यादा पाहतो आणि मग उत्तर लिहितो. कॉसमॉसच्या प्रकरणात हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून खऱ्या स्विचच्या जोडीला एक बनावट स्विच उभा केला, आणि बनावट कार्डांवरून आलेले संदेश खातेवहीपर्यंत जाऊ न देता त्यांना तेथेच मंजुरीचे उत्तर मिळू लागले. पिन बरोबर आहे का, खात्यात पैसे आहेत का, आजची मर्यादा संपली का, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. व्यवहारांची सरासरी काढली तर परदेशातील व्यवहार साधारण ६५ हजार रुपयांचा आणि देशातील पावणेनऊ हजारांच्या आसपासचा दिसतो. बँकेच्या बाजूने कोणतीच मर्यादा उरलेली नसताना एका वेळी किती पैसे निघावेत, हे मुख्यतः त्या त्या यंत्राच्या नोटा देण्याच्या क्षमतेवर आणि त्या देशातील मर्यादेवर येऊन ठेपले होते.

ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही गेला नाही आणि कोअर बँकिंग सुरक्षित राहिले, असा दिलासा तेव्हा देण्यात आला होता व तो खराही होता. परंतु तांत्रिकदृष्ट्या तीच बाब सर्वाधिक अस्वस्थ करणारी आहे. खातेवही सुरक्षित राहिली कारण तिला या व्यवहारांची खबरच लागली नाही, आणि पैसा गेला तो बँकेच्या स्वतःच्या गंगाजळीतून, कारण बँकेच्या नावाने दिलेला होकार कार्डजाळ्यांच्या दृष्टीने बँकेचाच होकार होता.

या घटनेचे मर्म कळण्यासाठी एटीएमच्या इतिहासातील एका दुर्लक्षित वैज्ञानिकाकडे वळणे अगत्याचे आहे. एटीएमचा विषय निघाला की नाव घेतले जाते जॉन शेफर्ड-बॅरन यांचे. शिलाँगमध्ये जन्मलेल्या या ब्रिटिश माणसाचे यंत्र लंडनजवळच्या एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेच्या शाखेत २७ जून १९६७ रोजी सुरू झाले, आणि पत्नीला चारच आकडे नीट लक्षात राहत म्हणून पिन चार आकडी केला, अशी हकिकत ते स्वतः सांगत असत. ही हकिकत गोड असल्यामुळे सर्वत्र छापली जाते. मात्र ते यंत्र कोणत्याही मध्यवर्ती संगणकाला काही विचारत नव्हते, सारी तपासणी जागच्या जागी होत होती. यंत्रे दूरवरच्या बँकेशी तारेने जोडली जाऊ लागल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: वाटेत कुणी पिन वाचला तर काय, आणि बँकेतल्याच कर्मचाऱ्याने वाचला तर काय? सत्तरच्या दशकाच्या आरंभी याचे व्यवहार्य उत्तर दिले ते इजिप्तमधील पोर्ट सईद येथे जन्मलेल्या मोहम्मद अटाला यांनी.

अटाला यांचे या क्षेत्रात येणे हीच मोठी नवलाची गोष्ट आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर वाढवून तो पृष्ठभाग विद्युतदृष्ट्या स्थिर करण्याची रीत विकसित केली, आणि डॉन काँग या सहकाऱ्यासह १९५९-६० च्या सुमारास ‘मॉसफेट’ नावाचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. आज प्रत्येक मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधींच्या संख्येने असणारा घटक तो हाच. एवढे एकच काम कुणालाही आयुष्याला पुरले असते, पण अटाला पुढे बँकसुरक्षेकडे वळले व त्यांनी एक मोहोरबंद पेटी घडवली, जी पुढे ‘अटाला बॉक्स’ म्हणून ओळखली गेली. गुप्त किल्ल्या, म्हणजे संदेश सांकेतिक करणारे व उलगडणारे मोठे आकडे, या पेटीच्या आतच राहतात, पिनची पडताळणीही आतच होते, आणि बाहेरच्या संगणकाला मिळते ते फक्त ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ एवढे उत्तर. आजही जगभरातील बँका याच कल्पनेवर बेतलेल्या पेट्या वापरतात. अटाला २००९ मध्ये निवर्तले. नोबेल त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि दररोज पिन दाबणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्यांचे नावही ठाऊक नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. कॉसमॉसच्या प्रकरणाने त्यांच्या कल्पनेला काही उणेपणा आला नाही. बनावट स्विचला पेटी फोडावी लागली नाही; पेटीला विचारण्याची पायरीच त्याने गाळली, आणि ज्याला कुणी विचारतच नाही त्या पहारेकऱ्याची निष्ठा कितीही बळकट असली तरी उपयोगाला येत नाही.

हा प्रकार एकट्या पुण्यापुरता नव्हता. २ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकी शासकीय यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने एका हल्लापद्धतीचा इशारा प्रसिद्ध केला, त्यात २०१६ च्या अखेरीपासून आशिया व आफ्रिकेतील बँकांच्या स्विच सर्व्हरवर असेच हल्ले होत असल्याचे नमूद होते आणि वापरलेली खाती बहुधा शून्य शिल्लक असलेली किंवा क्वचितच वापरातली होती. याहून बोलका तपशील वेळेचा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून स्विफ्टमार्गे ८ कोटी १० लाख डॉलर लांबवले गेले, तेव्हा ढाक्याची शुक्रवारची सुटी हल्लेखोरांच्या पथ्यावर पडली होती. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. अशा हल्ल्यांत अलौकिक प्रतिभेपेक्षा चिकाटी व सुटीची यादी पाहण्याची शिस्त अधिक असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘अभेद्य’ हल्लेखोरांविषयीच्या अतिरंजित वर्णनांची मातब्बरी कमी होते.

सुरक्षेच्या या प्रश्नावर सिंधुदुर्गाच्या वाचकाच्या रोजच्या पाहण्यात एक जुने उत्तर उभे आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, तो १६६७ मध्ये पूर्ण झाला, आणि त्याच्या आसपास पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे लहान दुर्ग पाठराखे म्हणून राहिले. होडीतून जाणाऱ्या पर्यटकाला तटाच्या वळणात दडलेला मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि वाटाडे कौतुकाने दाखवतात तो हाच भाग. तथापि, दडवलेल्या दरवाजाने शत्रूला उशीर होतो, त्याच्यापासून कायमची सुटका होत नाही. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये सांकेतिक लेखनासंबंधी नेमके हेच सांगितले: पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी जी टिकते तीच खरी सुरक्षित, गुपित असावे ते फक्त किल्लीचे.

परंतु स्वराज्याच्या दुर्गव्यवस्थेतील अधिक मोलाची कल्पना दगडात नसून कारभारात होती. सभासद बखरीत नोंदल्याप्रमाणे गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे सारख्या दर्जाचे अधिकारी वेगवेगळ्या जातींतून नेमले जात, आणि गडाचा कारभार त्यांनी एकमताने चालवायचा असे. एकट्या हवालदाराला फितवून गड घेता येऊ नये, यासाठी ही योजना होती. सबनिसाची वही आणि सरनोबताचा पहारा हे हवालदाराच्या शब्दाचे स्वतंत्र साक्षीदार होते. संगणकसुरक्षेत आज ‘कर्तव्यविभाजन’ म्हणून जे तत्त्व शिकवले जाते, म्हणजे कोणत्याही एका व्यक्तीच्या वा यंत्राच्या होकारावर मोठा निर्णय पूर्ण होऊ नये, ते याहून वेगळे नाही. कॉसमॉसच्या यंत्रणेत ऑगस्टच्या त्या शनिवारी स्विच हाच हवालदार, तोच सरनोबत आणि तोच सबनीस झाला होता.

यावरील उपाय त्यामुळे महागड्या भिंतींपेक्षा साक्षीदार वाढवण्याच्या दिशेने जातात. चुंबकीय पट्टीवरील माहिती कायम तीच असल्यामुळे तिची नक्कल होते, तर चिप असलेले कार्ड दर व्यवहाराला नवी सांकेतिक सही करते आणि तिची पडताळणी प्रामाणिकपणे झाली तर नक्कल उघडी पडते. जुनी कार्डे बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी टप्प्याटप्प्यांची विस्तृत चौकट घालून दिली, आणि ज्यांच्याकडून अनेक लहान बँका स्विचची सेवा भाड्याने घेतात त्या त्रयस्थ कंपन्यांनाही नियमांच्या कक्षेत आणले. या सर्वांत सर्वांत साधा उपाय ताळमेळाचा आहे: स्विचने दिलेले होकार आणि खातेवहीत पडलेल्या नोंदी यांची तुलना दुसऱ्या दिवशी न करता सतत, दर काही मिनिटांनी करत राहिले, तर एका बाजूला हजारो मंजुऱ्या आणि दुसऱ्या बाजूला कोरी वही ही विसंगती सुटीच्या दिवशीही लपू शकत नाही.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात हा विषय दूरचा मानता येणार नाही. चतुर्थीला गावी आलेल्या चाकरमान्यांची एटीएमसमोरची रांग, मासळीच्या लिलावातील रोख, देवगडच्या आंब्याचे हंगामी पैसे आणि किल्ल्याला जाणाऱ्या होडीच्या धक्क्यावर स्कॅन होणारे यूपीआयचे चौकोन, ही सर्व उलाढाल अखेरीस कुठल्यातरी स्विचच्या उत्तरावर चालते. सहकारी बँकेचा सभासद हा ग्राहक असतो तसाच मालकही असतो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या टक्क्याइतक्याच आग्रहाने त्याने दोन प्रश्न विचारले पाहिजेत: बँकेचा स्विच कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्याने दिलेला होकार खातेवहीशी ताडून पाहणारी स्वतंत्र व्यवस्था दुसऱ्या शनिवारीही जागी असते का. या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, आणि ज्या बँकेकडे त्यांची स्पष्ट, लेखी उत्तरे तयार असतील तिच्या ठेवी अधिक सुरक्षित हाती आहेत, असे म्हणता येईल.