छतावर पाऊस, आत खारवलेली माती

पालघर : जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. भातखाचरे तुडुंब भरतात. शेजारच्याच पॉलिहाऊसमधील गादीवाफ्यांवर मात्र त्यातील थेंबही पडत नाही. दोन पिकांमधील या काळात प्लास्टिकखालच्या जमिनीकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत पुढच्या हंगामात मोजावी लागते.

उघड्या शेतात खतांचे उरलेले क्षार पाऊस खाली वाहून नेतो. पॉलिहाऊसमध्ये उलट घडते. ठिबक बंद होताच वरचा थर सुकतो, खालची ओल केशाकर्षणाने वर येते, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. वाफ्यावर दिसणारा पांढरा थर तो हाच. खाडीलगतच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरले असेल, तर तो अधिकच दाट. ढोबळी मिरचीला हे सोसत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.५ डेसिसीमेन्स प्रति मीटरपलीकडे गेली, की उत्पादन घटू लागते.

ओलीचे काम खरे तर एप्रिल-मेमध्येच सुरू होते. रिकामे वाफे भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापविले, की रोगकारक बुरशी मोठ्या प्रमाणात मरते. कोरड्या मातीत उष्णता खोलवर पोहोचत नाही आणि सुप्त बीजाणू तग धरतात.

क्षारांवरील उपाय छतावरच पडतो. १० गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर जवळपास एक लाख लिटर गोडे पाणी मिळते. वरचा ३० सेंटिमीटर थर धुण्यासाठी साधारण तेवढ्याच उंचीचे पाणी, म्हणजे तीन लाख लिटर लागते. पन्हळींतून शेततळ्यात ते सहज साठते.

खरी चूक होते ती वेळेत. भर जुलैत भोवतालची खाचरे भरलेली आणि भूजल वर आलेले असताना आत पाणी सोडले, तर त्याला निचऱ्याची वाट नसते. क्षार तेथेच राहतात. म्हणून बाहेरचा चर आधी, पाणी नंतर, तेही पाऊस ओसरू लागल्यावर.

त्यानंतर वाफशाची वाट पाहावी लागते. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा. तळहाताला चिखल लागत असेल, तर पॉवर टिलर आणखी दोन-चार दिवस बाहेरच उभा ठेवलेला बरा.