स्फोटानंतरची भरपाई कोण देतो? (लेखांक ६)

क्षेपणास्त्राचे इंधन, दारूगोळा किंवा अणुसामग्री बनवणाऱ्या कारखान्यात अपघात झाला, तर नुकसान इतके मोठे होऊ शकते की विमा कंपन्या त्याचा सगळा भार घ्यायला तयार होत नाहीत. अमेरिकेने यावर १९५८ मध्ये तोड काढली. ‘पब्लिक लॉ ८५-८०४’ आणि त्याच वर्षीचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश यांनुसार विम्यापलीकडचे नुकसान सोसण्याची हमी सरकार संरक्षण कंत्राटदाराला देऊ शकते. ही हमी सरसकट मिळत नाही. धोका असाधारण किंवा अणुविषयक असावा लागतो, त्याची व्याख्या कंत्राटात लिहावी लागते आणि कंपनीच्या वरिष्ठांनी जाणूनबुजून केलेली कसूर हमीत बसत नाही.

भारतात संरक्षण कंत्राटदारांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे विचार सुरू झाला तो नुकसान सोसणाऱ्यापासून. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर वर्षभरानेच, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निकाल दिला की, धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला भरपाई टाळण्यासाठी कोणतीही सबब सांगता येणार नाही. त्यानंतर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला विमा घेणे सक्तीचे झाले. हप्त्याबरोबर पर्यावरण मदत निधीतही रक्कम भरावी लागते. विमा अपुरा पडला तर या निधीतून पैसे येतात.

दौंड तालुक्यातील कुरकुंभची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची, तर शिरूर तालुक्यातील रांजणगावला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. हा कायदा अशाच ठिकाणांसाठी आहे. समजा, कुरकुंभलगतच्या पांढरेवाडीत वायुगळतीची झळ पोहोचली. तर बाधित ग्रामस्थाने पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कारखान्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. रकमा मात्र तोकड्या ठरवल्या गेल्या. मूळ परिशिष्टात मृत्यूसाठी २५,००० रुपये, औषधोपचारासाठी १२,५०० पर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ६,००० पर्यंत अशी तरतूद होती. ६,००० रुपयांत गोठ्यातल्या एका दुभत्या म्हशीची किंमतही निघत नाही. ही तातडीची मदत आहे, एवढेच तिचे समर्थन. पूर्ण भरपाई मागण्याचा मार्ग वेगळा खुला राहतो. कारखान्यातील कामगारांसाठी तर कायदाच निराळा आहे.

सरकारी मालकीच्या कारखान्यांना मात्र एक सवलत आहे. त्यांनी स्वतःचा निधी उभारला, तर केंद्र त्यांना विम्यातून सूट देऊ शकते. खडकीचा दारूगोळा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आहे. ही कंपनी सरकारी असल्याने हे दार तिच्यासाठी उघडे आहे. खासगी पुरवठादाराला ते नाही. उद्या रांजणगावच्या एखाद्या कारखान्याला स्फोटकांचे काम मिळाले, तरी विमा त्यालाच काढावा लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळच्या बाजारगाव येथे स्फोटकांच्या खासगी कारखान्यात नऊ कामगार दगावले, तेव्हा राज्य सरकारने वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. ते सानुग्रह साहाय्य होते. कायद्याने मागता येईल असा तो हक्क नव्हता.

१९९१ च्या कायद्याखालील दाव्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. अर्जाची मुदत अपघातापासून पाच वर्षे. त्यानंतर आलेला अर्ज विचारात घेतला जात नाही.