बांध, तिवर आणि भात

मंडळी, पेण तालुक्यातले जोहे म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. पण आज मूर्तिशाळा बाजूला ठेवून खाडीकडे, खारेपाटात जाऊ. इथली भातशेती म्हणजे भरतीपासून राखलेली जमीन. खाडीच्या कडेला मातीचा बांध आणि बांधात उघाडी. ओहोटीला तिची झडप उघडते, पावसाचे पाणी बाहेर जाते. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते.

बांधापलीकडे चिखलात तिवरांची झाडी. नुसती जागा अडवते, असे कोणी म्हणेल. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वारा सुटला म्हणजे लाट आधी या झाडीवर आपटते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. झाडी तोडली की तीच लाट थेट बांधाला लागते. शिवाय कोळंबी, बोईट, चिंबोरी यांची पिले याच मुळांत वाढतात. गावच्या तळ्यात आपण हौसेने पोसतो त्या जिताड्याचे पिलूही खाडीतूनच आलेले.

आता शेतकऱ्याची अडचण ऐका. हीच चिंबोरी बांधात बिळे पाडते. एका बिळातून पाणी झिरपू लागते, नि एखाद्या उधाणाला खांड पडते. पावसाळ्यात तिवराचे बी पाण्यावर तरंगत असते. ते खाऱ्या पाण्याबरोबर शेतात येऊन रुजते. खांड चार वर्षे तशीच राहिली, की भाताच्या जागी कांदळवन उभे! ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर घातलेली तोडबंदी २०१८ च्या निकालाने कायम झाली. सातबारा शेतकऱ्याचा, पण कोयता लावायची सोय नाही. तो चिडतो यात नवल ते काय? मात्र दोष झाडाचा नव्हे, वेळेवर न बुजवलेल्या खांडीचा.

खार जमिनींसाठी १९४८ साली कायदा झाला. त्याआधीपासून गावाने मिळून बांध राखायची रीत होती. ती मोडू देऊ नये असे मला वाटते. उधाणाच्या दिवशी बांधाच्या आतल्या अंगाने फिरा. जिथे ओल दिसेल तिथे बीळ आहे असे समजा, आणि ओहोटीला ते चिकण चिखलाने ठासून बुजवा. गुरुजी, मुलांनाही ओहोटीच्या वेळी हे दाखवा. मोठी खांड पडली तर तारीख घालून लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या.

खारे पाणी शिरलेच, तर बांध सांधून पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडावे, दोन-चार दिवसांनी उघाडीतून सोडावे, पुन्हा कोंडावे. मीठ धुऊन निघते. मग जुना भुरा राता किंवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले खारे सोसणारे वाण लावावे.