यंत्रांचे दप्तर

मोठ्या बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या संगणकजाळ्यात राउटर आणि स्विच या नावांची शेकडो यंत्रे अहोरात्र राबत असतात, आणि कोणाची वाहतूक कोठे न्यावी, कोणास आत घ्यावे व कोणास दारातूनच परत पाठवावे, यासंबंधीची तपशीलवार आज्ञावली, म्हणजेच कॉन्फिगरेशन, प्रत्येकाच्या पोटात साठविलेली असते. पुष्कळ वर्षे ही आज्ञावली माणसेच एकेका यंत्रात लॉगिन करून हाताने टंकीत आली. या रीतीत वेळ फार जातो हे खरेच, परंतु तिचा मोठा दोष निराळा आहे: मध्यरात्री तातडीने केलेली एखादी दुरुस्ती कोणत्याच दप्तरात नोंदली जात नाही, ती करणारा नोकरी सोडून जातो, आणि कागदोपत्री एकसारखी असलेली दोन यंत्रे प्रत्यक्षात भिन्न वागू लागतात.

संगणकांच्या देखभालीतील अशाच अव्यवस्थेवर उपाय म्हणून ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ साली सीएफइंजिन हे सॉफ्टवेअर रचले. पुढे २०१२ साली मायकेल डीहान यांचे त्याच प्रकारचे साधन अ‍ॅन्सिबल आले आणि जाळ्यांच्या बंदोबस्तातही ते रुळले. समजा, तीनशे स्विचांना घड्याळाची वेळ पुरविणाऱ्या सर्व्हरचा पत्ता बदलावयाचा आहे. तर अभियंता तो नवा पत्ता एका फाइलीत एकदाच लिहितो, सहकारी ती तपासतो, फाइलींतील बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत कोणी, केव्हा व काय बदलले याची नोंद राहते, आणि मग अ‍ॅन्सिबल एखाद्या मुरलेल्या अव्वल कारकुनाप्रमाणे प्रत्येक स्विच लेखी हुकुमाशी ताडून, जेथे तफावत असेल तेवढेच दुरुस्त करते. नीट लिहिलेला हुकूम दहा वेळा चालविला तरी परिणाम एकदा चालविल्यासारखाच राहतो. माझ्या मते वेगापेक्षा या दप्तराचेच मोल अधिक आहे.

वेगाचा विषय निघालाच आहे तर, दुरुस्तीइतक्याच वेगाने चूकही सर्वत्र पोहोचते, याचा दाखला म्हणून ४ ऑक्टोबर २०२१ चे स्मरण ठेवावे. त्या दिवशी फेसबुकच्या नित्याच्या देखभालीत, जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी दिलेल्या एका कमांडने डेटा सेंटरांना परस्परांशी जोडणारे सारे दुवे तुटले; अशा कमांडला अटकाव करण्यासाठीच ठेविलेल्या तपासणीच्या साधनात दोष असल्यामुळे ती अडली नाही; आणि दुरुस्तीची साधनेही बंद पडल्याने अभियंत्यांना डेटा सेंटरांत प्रत्यक्ष धाडावे लागले. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम यांसह सर्व सेवा सुमारे सहा तास ठप्प होत्या. म्हणूनच जाणते लोक हुकुमाची आधी रंगीत तालीम घेतात, मग तो एका यंत्रावर, नंतर दहांवर व शेवटी सर्वांवर बजावतात, आणि यंत्रांपर्यंत पोहोचण्याची एक वाट मुख्य जाळ्याहून स्वतंत्र राखतात.

ज्या लहान संस्थेस हा स्वयंचलनाचा मार्ग धरावयाचा असेल तिने आरंभीच यंत्रांत फेरफार करण्याच्या भरीस पडू नये. पायथॉन भाषेतील नेटमिको या मोफत लायब्ररीच्या साहाय्याने रोज रात्री प्रत्येक यंत्राचे कॉन्फिगरेशन नुसते वाचून आणावे, कालच्या प्रतीशी त्याची रुजवात घालावी, आणि जो फरक दिसेल त्याचा जाब सकाळी विचारावा; एवढ्याने कोणतेही यंत्र बिघडत नाही.