प्रयोगशाळेतील आरोग्य व सुरक्षिततेचे नियम : भिंतीवरून हातात कसे येतील?



प्रयोगशाळा म्हटलं की भिंतीवर एक तक्ता असतोच. 'प्रयोगशाळेत खाऊ नये, पळू नये, शिक्षकांच्या परवानगीशिवाय रसायनांना हात लावू नये.' तुमच्या शाळेतही असेल. मुलांना तो पाठ असतो, आणि तरीही बाटलीचं बूच निघालं की नाक आधी बाटलीपाशी जातं. याचं कारण मला इतकंच दिसतं की आपण नियम सांगतो, पण त्यामागचं 'का' सांगत नाही.

मी नववीत असतानाची गोष्ट. प्रयोग चालू असताना एकीच्या हातून तापमापी फुटली. फरशीवर पाऱ्याचे चकचकीत मणी पळायला लागले. आम्ही सगळ्याजणी खाली बसून ते तळहातावर घेऊन खेळलो. दोघींनी तर कंपासपेटीत भरून घरी नेले. कोणी रागावलं नाही, कारण कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पुढे डी.एड. झाल्यावर वाचनात आलं की पारा नेहमीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होत राहतो. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती श्वासावाटे शरीरात जाऊन मेंदू व मूत्रपिंडांना अपाय करते. फरशीच्या फटीत अडकलेला पारा बंद खोलीत महिनोन् महिने हेच करत राहतो. पारा फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. झाडू अजिबात मारू नका, मणी आणखी बारीक होऊन पसरतात. जाड कागदाने किंवा ड्रॉपरने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. आणि हो, आधी अंगठी, बांगडी काढून ठेवा. पारा सोन्याला धरतो. खरं तर आता अल्कोहोलच्या किंवा डिजिटल तापमापी सहज मिळतात, तर पाऱ्याची हवीच कशाला?

आता आम्लाकडे येऊ. 'पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी घालू नका' हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. का? संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जड असतं. त्यावर पाणी ओतलं की ते वरच तरंगतं, आणि दोन्ही मिसळतात त्या जागी इतकी उष्णता निघते की पाणी तिथल्या तिथे उकळून आम्लाचे शिंतोडे उडवतं. ते सरळ तोंडावर येतात. उलट, भरपूर पाण्यात आम्लाची बारीक धार सोडली, ढवळत राहिलं, की जड आम्ल खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. मुलांना हे समजवायला मी कढईचं उदाहरण देते. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. कारण अगदी तेच नाही, पण 'शिंतोडा कशाने उडतो' हे पोराला लगेच कळतं.

आणि इथेच आमच्या माणचा खरा प्रश्न येतो. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर पहिला उपचार एकच : वाहतं स्वच्छ पाणी, कमीत कमी १५ ते २० मिनिटं. हळद नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही. आम्ल आहे म्हणून वरून खाण्याचा सोडा चोळायचा, हेही नाही. फक्त पाणी. आता हिशोब करा. नळाची साधी धार मिनिटाला पाच लिटर धरली तर २० मिनिटांना १०० लिटर. पुस्तकात 'भरपूर पाण्याने धुवावे' असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं. आमचा तालुका पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात कित्येक वाड्या-वस्त्यांना टँकर. शाळेच्या नळाला पाणी कधी असतं, कधी नसतं. दहिवडीला ग्रामीण रुग्णालय आहे, पण साताऱ्याचं मोठं रुग्णालय साठ किलोमीटरच्या पुढे. १०८ ची गाडी वस्तीवर पोचेपर्यंत त्या मुलाच्या डोळ्याचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : ज्या दिवशी शाळेत १०० लिटर पाणी नाही, त्या दिवशी आम्लाचा प्रयोग नाही. धडा पुढे गेला तरी चालेल.

पालकांनो, हे वाचून 'प्रयोगशाळा शाळेत, आपल्याला काय' असं म्हणू नका. डोळ्याला सर्वांत वाईट इजा करणारं रसायन बहुधा तुमच्याच खिशात किंवा देवळीत असतं. चुन्याची पुडी! तंबाखूबरोबर मिळणारी ती छोटी प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब पोरं दाबून दाबून खेळतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. नेत्रतज्ज्ञांकडे अशी लहान मुलं वारंवार येतात. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक, कारण आम्लाने वरचा थर गोठतो आणि ते बरंचसं तिथेच अडतं. चुना मात्र थर विरघळवत आत आत जात राहतो. उपाय तोच : पापण्या उघड्या धरून लगेच धुवायला सुरुवात, चुन्याचे कण निघेपर्यंत धुणं, आणि मग दवाखाना. रंगकामाची कोरडी चुनकळी अंगावर पडली तर मात्र आधी झटकून टाका, मग पाणी.

दुसरी घरातलीच गोष्ट म्हणजे बाटल्या. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर नाव हवं, हा नियम मुलांना कंटाळवाणा वाटतो. पण डाळिंबाच्या बागा असलेल्या घरांत मोरचूद असतंच. निळंशार, खडीसाखरेसारखं. तेच आपण वर्गात कॉपर सल्फेट म्हणून दाखवतो. ते पोटात गेलं तर विष आहे. फवारणीचं उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची आपल्याकडची सवय तर सांगायलाच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. अनेकांकडे ना हातमोजे होते, ना मुखपट्टी, ना चष्मा. चौथीतल्या मुलाला चष्मा-हातमोजे घालायची सवय लावणं म्हणजे नुसता विज्ञानाचा तास नव्हे, हे मला त्या वर्षी कळलं.

स्पिरिटच्या दिव्याबद्दल थोडक्यात. दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून विझलाय समजून पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतलं जातं आणि भडका होतो. फुंकर मारू नये, टोपण घालावं. मुलींच्या ओढण्या आणि वेण्या बांधलेल्या हव्यात, आपल्या साडीचा पदरही. परीक्षानळीचं तोंड कोणाकडेही नको, स्वतःकडेही नको.

'मोठ्या संस्थांत हे सगळं पाळतातच' असं वाटत असेल, तर २९ डिसेंबर २००९ आठवा. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागली आणि दोन तरुण संशोधक गेले. पुढच्याच वर्षी दिल्लीत विद्यापीठाने भंगारात काढलेल्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० मायापुरीच्या भंगारवाल्यांपर्यंत पोचला, किरणोत्साराने एकाचा जीव गेला. आपल्या कपाटात किरणोत्सारी काही नसतं, हे खरं. पण नावं पुसलेल्या जुन्या बाटल्या असतात, आणि बदली झालेल्या शिक्षकांनंतर त्या कोणाच्याच नसतात. त्या मोरीत ओतू नका, पोरांकरवी उकिरड्यावर तर नाहीच. वेगळ्या ठेवा, वर 'अनोळखी' लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट आणि व्हरांड्यातलं टेबल. त्याच्या शेजारी गेल्या वर्षी आम्ही गावातून मिळालेला २०० लिटरचा निळा बॅरल ठेवला. औषधाचा नव्हे, खात्री करून घेतली. विटांच्या चौथऱ्यावर, खाली नळ बसवून, वर घट्ट झाकण. पहिल्या आठवड्यात पोरांनी त्यातच हात-पाय धुतले. मग सहावीच्या एकाला डोळे मिटून, साबण लागलाय असं समजून, टेबलापासून बॅरलपर्यंत यायला सांगितलं. मधल्या दप्तरांना अडखळून तो दोनदा पडला. त्या दिवसापासून वाटेत दप्तर ठेवायचं नाही हे मुलांनीच ठरवलं, मला सांगावं लागलं नाही. पाणी शिळं होऊ नये म्हणून दर शनिवारी बदलतो. मार्चमध्ये टँकर सुरू झाला तेव्हा एकजण म्हणाली, "मॅडम, एवढं पानी वतून द्यायचं व्हय?" मग बादल्या घेऊन ते पाणी शाळेच्या कडुनिंबांना घातलं, आणि बॅरल पुन्हा भरून घेतला.