गावची बातमी कुणाच्या जिवावर?

आमच्या फुलसावंगीत पेपर पाच-सहा नावांचे येतात. गावातली बातमी मात्र पुष्कळदा एकानेच लिहिलेली आणि चौघांच्या नावानं छापलेली असते. पेपर वाढले म्हणजे आवाज वाढले, असं समजण्यात आपली गल्लत होते ती इथंच.

हा लिहिणारा म्हणजे गावचा वार्ताहर. बहुतेक ठिकाणी तोच पेपरचा एजंट, तोच बिलं वसूल करणारा आणि तोच जाहिराती आणणारा. पगार नाही, जाहिरातीवरचं कमिशन हीच कमाई. मीही हे काम काही वर्षं केलं. एका पुलाच्या निकृष्ट कामाची बातमी पाठवली, ती आली नाही. आठवड्याभरात त्याच ठेकेदाराची दिवाळी शुभेच्छांची जाहिरात मीच नेऊन दिली आणि कमिशन घेतलं. कुणी धमकावलं नव्हतं. धमकीची गरजच पडत नाही, हे तेव्हा कळलं.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. आमच्या गावची बातमी यवतमाळच्या पानात येते. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात पीक तसंच बुडालेलं असतं, पण त्यांचं पान वेगळं. दोन्हीकडचं दुःख एकत्र वाचणारा मुंबईत कुणी नाही.

मोठ्यांपुढे छोट्या पत्रांनी तगावं म्हणून सरकारनं प्रयत्न केला नाही असं नाही. १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांनी किमतीप्रमाणे पानांवर मर्यादा घातली. पुण्याच्या ‘सकाळ’नं त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. पानं कमी केली तर मजकूर घटतो, किंमत वाढवली तर वाचक घटतात. दोन्हीकडून आविष्कारस्वातंत्र्यच आखडतं, असं म्हणून न्यायालयानं १९६१ साली तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेला हा निकाल मला पटतो. मोठ्याची पानं कापून छोटा मोठा होत नाही. पुढे २०१४ साली ‘ट्राय’नं एकाच मालकाकडे पेपर आणि वाहिन्या किती असाव्यात यावर शिफारशी केल्या, त्यांचा कायदा काही झाला नाही. (रेडिओवर बोलतोय म्हणून सांगतो, खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला अजून परवानगी नाही. आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावाव्या लागतात.)

मग उरतो पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळं तिथंच अडलंय. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक अजून निघतं. ते कुणा घराण्याच्या मालकीचं नाही, विश्वस्तांचं आहे. उत्तर प्रदेशात चित्रकूटच्या खेड्यातल्या बायकांनी २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ काढलं, तेही बुंदेलीत. बातमी आणणाऱ्याही त्याच खेड्यांतल्या बायका. हे दोन्ही आकारानं लहान, पण ठेकेदाराच्या शुभेच्छांवर उभे नाहीत.

मोठ्या पेपरांनाही एक गोष्ट आजच करता येईल. जाहिरात आणणारा आणि बातमी लिहिणारा वेगळा ठेवायचा, आणि लिहिणाऱ्याला बातमीचे पैसे द्यायचे. मालकाला हे महाग वाटेल. पण आपण वाचकही पेपरसाठी रद्दीच्या भावापेक्षा फार जास्त द्यायला तयार नसतो, हेही तितकंच खरं.

पुलाची ती बातमी माझ्या जुन्या वहीत अजून आहे. पूल पहिल्याच पावसात खचला, तेव्हा ती बातमी सगळ्यांनी छापली.